मागणी, गरज आणि अट

एबेनच्या उंच काचेच्या इमारतींत आपल्या समाजाची कितीतरी मुले-मुली आज कामाला जातात. संध्याकाळी घरी आली की जेवताना टेलिफोन वाजतो आणि इंग्रजी, फ्रेंच, क्रेओल यांच्या मिश्रणातून एक शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडतो : रिक्वायरमेंट. रिक्वायरमेंट बदलली, रिक्वायरमेंट कुणी लिहिलीच नव्हती, ही रिक्वायरमेंट आहे की कुणाची हौस? घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते, ही कॉम्प्युटरवाल्यांची काही खास भानगड असावी.

वाचकहो, ही भानगड कॉम्प्युटरपेक्षा फार जुनी आहे. ज्या दिवशी एका माणसाने दुसऱ्यासाठी वस्तू बनवायला घेतली, त्या दिवसापासून ती आहे. कुंभार, सुतार, शिंपी, लोहार या सर्वांना तिला तोंड द्यावे लागले. घेणारा काय सांगतो, त्याला खरोखर काय हवे असते आणि करणाऱ्याने काय केले म्हणजे काम पुरे झाले म्हणायचे, या तीन गोष्टी दिसायला एक असल्या तरी वेगवेगळ्या आहेत. आपल्या मराठीत त्यांना तीन वेगळे शब्दही आहेत : मागणी, गरज आणि अट.

मागणी ही माणसाच्या तोंडून येते. गरज त्याच्या जगण्यातून येते. अट म्हणजे त्या गरजेचे असे रूप, की जे तपासून ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ असे स्पष्ट सांगता येते. रिक्वायरमेंट या इंग्रजी शब्दात गरज आणि अट दोन्ही येतात. मागणी मात्र जशीच्या तशी त्यात बसत नाही, आणि बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो.

साधे उदाहरण घ्या. एखादी गृहिणी सुताराला सांगते, “भाऊ, मला पाच खणांचे उंच कपाट करून द्या.” ही मागणी झाली. पाच खण हा तिने स्वतःच शोधलेला उपाय आहे. शहाणा सुतार लगेच लाकूड कापत नाही. तो विचारतो, “ताई, त्यात ठेवायचे काय?” मग कळते की पावसाळी हवेत डाळ-तांदळाला ओल लागते, किडे होतात आणि घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंचा हात वर पोचत नाही. म्हणजे गरज आहे कोरड्या, बंदिस्त आणि हाताला येईल अशा जागेची. पाच खणांचे उंच कपाट सुबक झाले असते, पैसेही चुकते झाले असते, आणि सासूबाई पिठासाठी रोज कुणाला तरी हाक मारत राहिल्या असत्या.

मजबूत म्हणजे किती मजबूत?

गरज कळली तरी ती अटीच्या रूपात मांडावी लागते. आपल्या बेटाने हा धडा १९६० साली फार मोठ्या किमतीत घेतला. त्या वर्षी जानेवारीत अॅलिक्स आणि फेब्रुवारीअखेर कॅरोल अशी दोन चक्रीवादळे लागोपाठ आली. कॅरोलच्या वेळी वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी २५६ किलोमीटर नोंदला गेला. गवताच्या आणि पत्र्याच्या घरांची जी दशा झाली, ती अनेक घरांतील आजी-आजोबांच्या तोंडून आपण ऐकली आहे.

त्याआधी घर बांधणाऱ्याला कुणी ‘मजबूत घर हवे’ असे सांगत नसेल काय? सांगतच असणार. पण मजबूत हा शब्द मोजता येत नाही. बांधणाऱ्याच्या मनातले मजबूत वेगळे आणि राहणाऱ्याच्या मनातले वेगळे. ‘अमुक वेगाच्या वाऱ्यात छप्पर उडता कामा नये’ असे म्हटले की ती अट होते. मग खांब किती जाड, छप्पर कशाचे आणि कसे जखडायचे, याचा हिशेब करता येतो. कॅरोलनंतर आपल्याकडे काँक्रीटची घरे वाढत गेली, त्यामागे हाच हिशेब होता.

अटीचे दुसरे लक्षण इथेच ध्यानात घ्यावे. ‘काँक्रीटचे घर’ ही मूळ अट नव्हे, तो त्या अटीवरचा एक उपाय आहे. उद्या दुसऱ्या कशाने छप्पर टिकणार असेल तर तेही चालेल. अट ‘काय व्हावे’ ते सांगते. ‘कसे व्हावे’ ते करणाऱ्यावर सोपवते.

जयपूरचा पाय

या विषयावर माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण भारतातल्या जयपूर शहराचे आहे.

कापलेल्या पायाच्या जागी बसवण्यासाठी १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात एक कृत्रिम पाऊल तयार झाले. त्याला ‘सॅच’ पाऊल म्हणतात. आत लाकडाचा घट्ट गाभा, टाचेला मऊ रबराची पाचर आणि न वळणारा घोटा, अशी त्याची रचना. ते स्वस्त, टिकाऊ आणि बिनतक्रार होते. बूट घालून सपाट रस्त्यावर चालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी ते उत्तम होते, आणि त्यासाठीच ते केले होते.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे येणारे रुग्ण बहुधा राजस्थानच्या खेड्यांतले. त्यांना असे पाय बसवून दिले जात. रुग्ण आभार मानून घरी जात, आणि काही काळाने डॉक्टरांना तीच माणसे पुन्हा कुबड्यांवर चालताना दिसत. पाय घरी कोपऱ्यात पडलेला असे.

अशा वेळी तज्ज्ञ माणसाला एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : ही माणसे अडाणी आहेत, त्यांना चांगल्या वस्तूची किंमत नाही. डॉ. सेठींनी तो निष्कर्ष काढला नाही. ही माणसे दिवसभर करतात काय, याकडे त्यांनी लक्ष दिले. शेतकरी अनवाणी चालतो, चिखलात आणि पाण्यात उभा राहतो. जेवायला जमिनीवर मांडी घालून बसतो. शौचाला, चुलीपाशी, गुराची धार काढताना उकिडवा बसतो. देवळात, मशिदीत आणि स्वयंपाकघरात पायताण घालून जात नाही. सॅच पावलाला बूट लागतो. बूट चिखलात जाईना, पाऊल पाण्यात टिकेना, घोटा वळत नाही म्हणून उकिडवे बसता येईना, आणि मांडी घालायला पाऊल थोडे फिरावे लागते ते फिरेना.

रुग्णाची मागणी होती, “डॉक्टरसाहेब, पाय द्या.” ती पुरी झाली होती. गरज होती पूर्वीसारखे घरात आणि शेतात वावरण्याची. ती तशीच राहिली होती.

सहा-सात अटी

डॉ. सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली कृत्रिम अवयवांच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात या कामाची माहिती दिली. आपल्या देशातल्या पावलाने काय करायला हवे, हे त्यांनी नेमकेपणाने मांडले. त्याचा सारांश असा :

पाऊल बुटाशिवाय वापरता आले पाहिजे. त्याचे बाहेरचे आवरण पाण्याने न बिघडणारे आणि टिकाऊ हवे. घोट्यात ते इतके वर वळले पाहिजे की निदान थोडा वेळ उकिडवे बसता येईल. पायाच्या अक्षाभोवती ते थोडे फिरले पाहिजे, म्हणजे चालणे सुकर होईल आणि मांडी घालता येईल. दोन्ही बाजूंना ते इतके कलले पाहिजे की खडबडीत जमिनीवर तोल राहील. ते स्वस्त असावे, आणि जवळपास सहज मिळणाऱ्या साहित्यातून करता यावे.

वाचकहो, ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. तिच्यात रबर हा शब्द नाही. लाकूड नाही, अॅल्युमिनियम नाही. पाऊल कशाचे करायचे याबद्दल ती काहीच बोलत नाही. आणि तरीही प्रत्येक ओळ तपासता येते. रुग्णाला उकिडवे बसायला सांगा : बसला की नाही? पाऊल पाण्यात ठेवा : बिघडले की नाही? यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. अटींची यादी कशी असावी, याचा हा नमुना समजावा.

मास्टरजींचे हात

यादी डॉक्टरांनी केली तरी पाऊल घडवले ते रामचंद्र शर्मा या कारागिराने. त्यांना सारे ‘मास्टरजी’ म्हणत. हस्तकलेत मुरलेला हा माणूस रुग्णालयात रुग्णांना हातकाम शिकवण्यासाठी येत असे. डॉक्टरांना हाडांचे आणि स्नायूंचे ज्ञान होते, मास्टरजींना साचे, धातू आणि लाकूड यांचे. टायरवर नवे रबर चढवून ते तापवून पक्के करणाऱ्या कारागिरांची कला त्यांनी या कामाला लावली. पावलाच्या आकाराचा धातूचा साचा केला आणि त्यात रबराचे पाऊल शिजवून काढले.

पहिला प्रयत्न साधला नाही. सगळे पाऊल भरीव रबराचे केले तेव्हा ते जड आणि ताठ झाले. एक अट पुरी करताना दुसरी मोडली. मग आत हलके स्पंज-रबर घातले, टाचेचा आणि चवड्याचा भाग वेगळा केला, घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हे सारे टायरच्या दोऱ्याने बळकट केलेल्या रबरी आवरणात गुंडाळून पक्के केले. टाचेतल्या मऊ स्पंजामुळे पाऊल सगळीकडे थोडे थोडे वळू लागले. पायाची नळी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, ठोकून आकार दिलेली. ती कुठलाही कुशल ठोकारी करू शकेल अशी.

बाहेरून त्याला कातडीचा रंग आणि बोटांचा आकार होता. कुणी म्हणेल, ही तर हौस झाली, चालायला बोटांचा आकार कशाला? इथे हौस आणि गरज वेगळी करण्याची एक कसोटी सांगतो. ‘ही गोष्ट नसेल तर माणूस वस्तू वापरणे सोडील काय?’ असा प्रश्न विचारावा. बूट घालणाऱ्याचे पाऊल झाकलेले असते, त्याला बोटांचे महत्त्व नाही. अनवाणी माणसाचे पाऊल चारचौघांत उघडे असते. ते लाकडाच्या ठोकळ्यासारखे दिसले तर तो लाजेने ते घालणार नाही. त्याच्यासाठी बोटे ही गरजच आहे. एकच गोष्ट एकाची हौस आणि दुसऱ्याची गरज असू शकते, म्हणून आधी माणूस कोण ते विचारावे लागते.

पुढे १९७५ साली श्री. डी. आर. मेहता यांनी जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. तिथे आणखी एक न बोललेली गरज पुढे आली : वेळ. खेड्यातून आलेल्या मजुराला शहरात आठवडेच्या आठवडे राहणे परवडत नाही. राहायला जागा नाही, रोज बुडतो. म्हणून पाय शक्य तितक्या लवकर बसवून माणसाला घरी पाठवणे हीही अट ठरली. समितीने पाय मोफत दिले. मूळ पावलाचे पेटंट डॉ. सेठींनी घेतले नव्हते, त्यामुळे ते कुणालाही करता आले आणि सुरुंगांनी पाय गमावलेल्या अफगाणिस्तानातील लोकांपर्यंतही पोचले. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पुरस्कारात मास्टरजींचे नाव नव्हते, ते आपण तरी विसरू नये. डॉ. सेठी २००८ साली निवर्तले.

मुंबईत वाढलेल्या नर्तकी सुधा चंद्रन यांचे नाव आपल्याकडे चित्रपटामुळे पोचले. १९८१ साली बसच्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. जयपूरचा पाय बसवून त्यांनी सराव केला आणि १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर भरतनाट्यम् नाचल्या. शेतकऱ्यासाठी लिहिलेली यादी त्यांनाही उपयोगी पडली, कारण अनवाणी चालणे, गुडघे वाकवून खाली बसणे आणि पाऊल वळवणे हे नर्तकीलाही हवेच असते. गरज खोलवर ओळखली की ती ज्याच्यासाठी ओळखली त्याच्या पलीकडेही पोचते.

लिहिले, पण तपासले नाही

आता उलटे उदाहरण. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९८ च्या डिसेंबरात मंगळाकडे एक यान पाठवले. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे मेट्रिक मापात द्यायचे, ही अट कागदावर स्पष्ट होती. पृथ्वीवरच्या एका संगणक कार्यक्रमाने ते पौंडाच्या जुन्या मापात दिले. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक पडतो. महिनोन् महिने मार्गाचा हिशेब थोडा थोडा चुकत गेला, आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताना यान ठरल्यापेक्षा फार खाली गेले व नाहीसे झाले.

इथे गरज ओळखली होती, अट लिहिली होती. कमी पडले ते एकच : ती पाळली जाते की नाही हे शेवटपर्यंत कुणी पाहिले नाही. कपाटात बंद करून ठेवलेली अट ही न लिहिलेल्या अटीइतकीच निरुपयोगी असते.

याशिवाय तिसरा प्रकार आहे, न सांगितलेल्या शंकेचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर केला तेव्हा तो लाकडी नांगरापेक्षा सरस होता. पण लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला वर्षे गेली. नांगर खोल जावा ही गरज कारखानदाराला दिसली होती. माझी जमीन नासणार नाही याची खात्री मिळावी, हीही शेतकऱ्याची गरजच होती. ती नांगराच्या आराखड्यात नव्हे, शेतकऱ्याच्या मनात होती, आणि नांगर डोळ्यांसमोर चालून पीक आल्यावरच ती भागली. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आपल्या घरातला प्रश्न

हे सारे आपल्या बेटाला लागू कसे पडते? सरकारी आरोग्य पाहण्या १९८७ पासून सांगत आल्या आहेत की मधुमेह हा आपल्याकडचा मोठा आजार आहे. या आजारात पायाची जखम चिघळली तर पाय कापण्याची वेळ येते. अशी माणसे आपल्या ओळखीत, कधी आपल्याच घरात असतात. पाय गेल्यावर कृत्रिम पाय बसवण्याची वेळ येते आणि तज्ज्ञ विचारतो, “तुम्हाला काय हवे?” आपला माणूस संकोचाने म्हणतो, “चालता आले म्हणजे झाले, साहेब.” ती मागणी झाली. गरज घरीच राहिली.

त्याऐवजी त्या माणसाने आणि घरच्यांनी आदल्या रात्री बसून एक कागद करावा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मी काय काय करतो? न्हाणीघर ओले असते काय? उसाच्या बांधावरून किंवा चढाच्या वाटेने जावे लागते काय? पूजेला मी जमिनीवर बसतो काय? गणेश चतुर्थीला अनवाणी मूर्तीबरोबर जाऊन समुद्राच्या वाळूत, पाण्यात उभा राहतो काय? झाकरीच्या फेरात मला पुन्हा उभे राहायचे आहे काय? वर्षातून एकदाच येणारी गोष्टही लिहावी. वर्षभर चालणारा पाय गणपतीच्या दिवशी माणसाला घरी बसवणार असेल, तर त्याच्या दृष्टीने तो पाय अपुरा आहे.

यादीतले सगळेच मिळेल असे नाही. वय, प्रकृती, उरलेल्या पायाची स्थिती आणि पैसा यांच्या मर्यादा असतात. जो पाय पाण्यात चालतो तो कदाचित वजनाला जड असेल. तेव्हा यादीत ‘याशिवाय चालणारच नाही’ आणि ‘मिळाले तर बरे’ असे दोन भाग करावेत. निवड करायची वेळ आली की काय सोडायचे ते आपण ठरवावे. कागदच नसेल तर ती निवड दुसरा कुणी, आपल्याला न विचारता, करून टाकतो. आणि पाय बसवल्यावर त्याच कागदावरची एकेक ओळ तज्ज्ञासमोरच करून पाहावी.

मंडळाने सभागृहासाठी खुर्च्या घेताना, शाळेसाठी संगणक घेताना, म्हाताऱ्या आईसाठी खाट करून घेताना हीच रीत उपयोगी पडते. वापरणार कोण, तो दिवसभर काय करतो, कशावाचून वस्तू कोपऱ्यात पडेल, आणि झाले की नाही ते कसे तपासणार, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ पैसा आणि मनस्ताप वाचतो.

एबेनला जाणाऱ्या मुलांनाही एक विनंती. पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर रिक्वायरमेंटचा लांबलचक कागद ठेवला, तर त्यातली प्रत्येक ओळ घेऊन विचारा : ही कुणाची गरज आहे, की कुणी तरी आधीच ठरवलेला उपाय? त्या कागदामागचा माणूस दिसेपर्यंत काम सुरू करू नका. जयपूरच्या डॉक्टरांना तो माणूस कुबड्यांवर चालताना दिसला, म्हणूनच आज लाखो माणसे स्वतःच्या पायावर उभी आहेत.